तंजावरचा इसाप आणि भिगवणची कैकाडी

मराठीत मुलांसाठी छापलेलं पहिलं पुस्तक कुठे निघालं? मित्रांच्या ग्रुपवर हा प्रश्न टाकला की उत्तरं ठरलेली येतात. पुणे. मुंबई. थोडं वाचन असलेला एखादा श्रीरामपूर म्हणतो, म्हणजे नगर जिल्ह्यातलं नव्हे, कलकत्त्याजवळचं, जिथे विल्यम कॅरीचा छापखाना होता. यातलं एकही बरोबर नाही. मराठीतलं पहिलं बालपुस्तक मानलं जातं ते तंजावरचं. साल १८०६, नाव 'बालबोधमुक्तावली'. इसापच्या गोष्टींचं हे मराठी भाषांतर सख्खन पंडितांनी केलं आणि ते करवून घेतलं तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांनी.

त्या साली पुण्यात दुसरा बाजीराव पेशवा होता. मुंबईत शाळांच्या पुस्तकांसाठी सोसायटी स्थापन व्हायला अजून सोळा वर्षं होती. आणि इथून हजारेक किलोमीटरवर, चारी बाजूंनी तमिळ बोललं जाणाऱ्या गावात, एका ग्रीक गुलामाच्या नावावर चालत आलेल्या गोष्टी देवनागरीत तयार होत होत्या. मराठी मुलांसाठी.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ती एक मजेशीर माहिती म्हणून बाजूला ठेवली. तिचं महत्त्व मला फार नंतर कळलं, आणि तेही गावी.

मी भिगवणचा. पुणे-सोलापूर महामार्गावर, इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून असलेलं गाव. मासळीबाजार आणि रोहित पक्षी या दोन गोष्टींसाठी लोक आम्हाला ओळखतात. तिसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते: भिगवणजवळ कागदाची मोठी गिरणी आहे. नव्वदच्या दशकात इंडोनेशियाच्या सिनार मास समूहाने ती उभारली, २००१ मध्ये ती बल्लारपूर इंडस्ट्रीजकडे गेली. तिथे गुळगुळीत कोटेड कागद तयार होतो, रंगीत चित्रांच्या पुस्तकांना लागतो तसला. म्हणजे पुस्तकाचा कागद आमच्या दारात. पुस्तकात कोण येतं, हा प्रश्न वेगळा.

हिवाळ्यात रोहित येतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात, आणि त्याच महिन्यांत ऊसतोडीच्या टोळ्याही येतात. पक्ष्यांसाठी बोटी, दुर्बिणी, माहितीफलक असतात. टोळ्यांसोबत आलेली मुलं जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसली तर बसली. त्यात लमाण असतात, घरी गोरमाटी बोलणारे. इकडचेच म्हणावेत असे वडार असतात, ज्यांची वडारी तेलुगूच्या जवळची. पारधी असतात, त्यांच्या बोलीला गुजराती-भिलीचा वास. आणि कैकाडी असतात. फोकांच्या टोपल्या, कणग्या विणणारे, पूर्वी गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारे. त्यांची भाषा तमिळच्या कुळातली आहे. अंदाजानं म्हणत नाही; ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात तिची नोंद तमिळच्याच प्रकरणात आहे.

म्हणजे तंजावरला तमिळ मुलखात मराठी बोलणारी मुलं होती, आणि भिगवणला मराठी मुलखात तमिळसारखं काहीतरी बोलणारी मुलं आहेत. पहिल्यांना १८०६ मध्ये पुस्तक मिळालं.

ते का मिळालं, हे समजून घ्यायला सरफोजींकडे जरा थांबायला हवं. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं आणि तिथे मराठ्यांची गादी सुरू झाली. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले, आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे उरला किल्ला, पेन्शन आणि भरपूर वेळ. असा वेळ मिळालेले राजे काय करतात याची उदाहरणं आपल्याला माहीत आहेत. या माणसाने ग्रंथ गोळा केले, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, वैद्यक आणि शरीरशास्त्राचा अभ्यास केला, छापखाना आणला, शाळा काढल्या. त्यांच्या शिक्षणात श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याचा मोठा हात होता. त्यामुळे युरोपातली पुस्तकं त्यांना परकी नव्हती, आणि धर्म न बदलता त्यातलं काय उचलावं याचं भानही होतं. त्यांच्या राज्यातल्या छत्रांमध्ये, म्हणजे यात्रेकरूंसाठीच्या धर्मशाळांमध्ये, मुलांच्या शिक्षणाची सोय असे. एकाच आवारात अनेक भाषा.

मराठी ही तिथे दरबाराची भाषा होती, पण बाजारात ती अल्पसंख्याकांची होती. घराबाहेर पडलं की तमिळ, गाण्याच्या बैठकीत तेलुगू, पूजेला संस्कृत. अशा ठिकाणी घरातली भाषा मुलांच्या तोंडी टिकवायची तर तिच्यात वाचायला काहीतरी हवं, हे कुणाला तरी सुचलं. पुण्यात राहणाऱ्याला ते सुचण्याचं कारणच नव्हतं. ज्याची भाषा रस्त्यावर आपोआप मिळते, त्याला ती कमी पडेल अशी धास्ती कुठून येणार? माझं म्हणणं असं की मराठीतलं पहिलं बालपुस्तक तंजावरला निघालं हा योगायोग नाही.

सरफोजींच्या नावावर आणखी एक गंमतशीर रचना आहे, 'देवेंद्र कुरवंजी'. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात कुरवर जमातीतली एक भटकी बाई येते, नायिकेचा हात पाहते, भविष्य सांगते आणि आपण हिंडलेल्या डोंगरदऱ्यांचं वर्णन करते. सरफोजींनी हा साचा घेतला आणि त्यात मराठीतून जगाचा भूगोल भरला. खंड, देश, समुद्र, सगळं गाण्यांतून. आजच्या भाषेत शैक्षणिक साहित्य. जग कुणी सांगायचं, तर जिने पायी जग पाहिलंय तिने. पंडिताने नाही, भटक्या बाईने.

आता ही कुरवर जमात कोण? तमिळनाडूत कुरवर, कर्नाटकात कोरवा-कोरचा, आंध्रात येरुकला, आणि महाराष्ट्रात कैकाडी. अभ्यासक यांना एकाच मोठ्या कुटुंबाच्या शाखा मानतात. तंजावरच्या रंगमंचावर मराठीतून भूगोल शिकवणारी ती बाई आणि आमच्या शाळेच्या शेवटच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी नात्यातल्या आहेत.

मग मधल्या दोनशे वर्षांत काय झालं?

मुंबईत १८२२ मध्ये सोसायटी झाली, एल्फिन्स्टनच्या आशीर्वादाने. बापू छत्रे, म्हणजे सदाशिव काशीनाथ छत्रे, तिथे काम करत. १८२८ मध्ये त्यांची 'इसापनीतिकथा' आणि 'बाळमित्र' आली. 'बाळमित्र' मूळचं फ्रेंच, बेर्किन नावाच्या लेखकाचं, इंग्रजीवाटे मराठीत आलेलं. महाराष्ट्राला कळला तो हा दुसरा इसाप. पहिला तंजावरातच राहिला. छत्र्यांचं गद्य छान आहे, सरळ, अजूनही वाचवतं. पण या पुस्तकांबरोबर आणि मागोमाग १८३१ मध्ये आलेल्या मोल्सवर्थच्या कोशाबरोबर शाळेची म्हणून एक मराठी ठरत गेली. छपाईला एक रूप लागतं, त्याला इलाज नाही. फक्त ते रूप ठरवताना टेबलाभोवती कोण बसलं होतं ते पाहावं: पंडित आणि साहेब. म्हणजे मराठी बालपुस्तकाची खिडकी ग्रीसकडे उघडली, फ्रान्सकडे उघडली, पुढे बंगाल आणि रशियाकडेही उघडली. गावाच्या वेशीबाहेर मात्र ती बराच काळ बंद राहिली.

तिला पहिला धक्का एका मुलीनेच दिला. मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली मातंग विद्यार्थिनी. १८५५ मध्ये तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. मुलांसाठी मोठ्यांनी लिहिलेलं साहित्य आपण मोजत बसतो, पण हे एका मुलीने स्वतः लिहिलेलं आहे आणि तिच्या वयाच्या मुलांच्या हाती ते पाठ्यपुस्तकातून पोचायला किती काळ गेला, याचा हिशेब कुणी मांडत नाही. तिच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात: बक्षीस म्हणून खाऊ देणाऱ्या साहेबाकडे तिने खाऊऐवजी ग्रंथालय मागितलं. घडलं असेल, नसेल. निबंध वाचला की ती असं म्हणू शकली असती, एवढं पटतं.

कैकाड्यांच्या वाट्याला या काळात वेगळंच आलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, आणि पुढे त्यात कैकाडीही आले. सोलापुरात ब्रिटिशांनी या जमातींसाठी वसाहत केली. 'सेटलमेंट' हा भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. आमच्या स्टेशनावरून गाडी पकडली की थेट सोलापूर. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. ज्या भाषेत बोलताना पोलीस संशयाने बघतो, ती भाषा माणूस मुलांना हळू आवाजात बोलायला शिकवतो. तिच्यात पुस्तक काढणं फार दूरचं.

साने गुरुजींची आठवण इथे यायलाच हवी, कारण तेही तमिळ मुलखात जाऊन आले होते. १९३० च्या कायदेभंगात त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवलं होतं. तंजावरपासून पन्नास-साठ किलोमीटरवर. तिथे त्यांना निरनिराळ्या भाषांचे कैदी भेटले. तिरुवल्लुवरांचं 'कुरल' त्यांनी मराठीत आणलं. शेजारच्या भाषेत काय लिहिलंय ते आपल्याला ठाऊकच नाही, ही तिथली टोचणी पुढे 'आंतरभारती' झाली. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ती कल्पना मांडली आणि वर्षभरात ते गेले. कल्पना सुंदर होती. पण तीही प्रांतांच्या भाषांची होती: मराठीने बंगाली शिकावी, कन्नडने गुजराती. ज्या भाषेला प्रांतच नाही तिचं काय, हा प्रश्न आंतरभारतीच्या नकाशातही नव्हता.

राज्यंही मग भाषेवरच झाली. १९५६ मध्ये घटनेत ३५० अ हे कलम आलं: भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय व्हावी. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही मातृभाषेतून शिकवा म्हणतो, फक्त 'शक्यतो' हा शब्द घालून. बालभारतीने उर्दू, कन्नड, तेलुगू, गुजराती, सिंधीतून पुस्तकं काढली, हे मोठं काम आहे, त्याची टिंगल करायची नाही. पण या भाषांच्या मागे एखादं राज्य, निदान एखादी लिपी आणि साहित्य उभं होतं. कैकाडीमागे कोण?

आमच्या धंद्यात एक सवय असते. दोन नोंदी सारख्या वाटल्या की एकत्र करायच्या, टेबल स्वच्छ दिसतं. जनगणना तेच करते. कैकाडी बोलणारा तमिळच्या खात्यात मोजला जातो, वडारी तेलुगूच्या आणि लमाणी हिंदीच्या. भाषाशास्त्राच्या अंगाने पहिल्या दोनचं समर्थन करता येईल. पण तमिळनाडूत छापलेलं तमिळ पुस्तक भिगवणच्या कैकाडी मुलीपुढे ठेवलं तर तिला त्यातलं अक्षरही लागणार नाही. तिची लिपी देवनागरी, तिचा बाजार मराठी, तिचे सण इथले. टेबल स्वच्छ होतं आणि मुलगी त्यातून गळते.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचं वाटणारं काम फलटणला झालं. बारामती सोडून नीरा ओलांडली की फलटण. आमच्याकडून तासा-दीड तासाचा रस्ता. मॅक्सीन बर्नसन नावाच्या अमेरिकन बाई तिथे भाषाशास्त्राचा अभ्यास करायला आल्या. त्यांचा प्रबंध १९७३ चा, विषय फलटणची बोली: एकाच गावातली माणसं जातीप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे कशी वेगवेगळी मराठी बोलतात. प्रबंध झाला की माणसं जातात. त्या राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या. शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या दलित वस्तीतल्या मुलांना त्यांनी शिकवायला घेतलं, त्यातून प्रगत शिक्षण संस्था झाली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू झालं. ज्यांचं नाव शाळेला दिलं त्या कमला निंबकरही मूळच्या अमेरिकन. मराठी मुलाच्या घरच्या मराठीला शाळेत जागा हवी, हे आपल्याला सांगायला दोन परदेशी बायका लागल्या. की परक्या होत्या म्हणूनच त्यांना ते दिसलं? तंजावरच्या भोसल्यांना दिसलं तसं.

आणि फलटण तालुक्याच्या त्याच पट्ट्यात वाढलेले लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये 'उपरा' लिहिलं, कैकाड्याच्या पोराच्या शाळेची गोष्ट. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते मोठ्यांचं पुस्तक आहे. मुलांच्या कपाटात ते नाही, आणि त्या वयाच्या कैकाडी मुलाला लगेच देण्याजोगंही नाही. त्याला आधी हसायला येईल असं काहीतरी हवं.

आम्ही चार मित्र दोन वर्षांपासून भिगवणजवळच्या एका शाळेत महिन्यातून दोन शनिवार पुस्तकं घेऊन जातो. दोन पत्र्याच्या ट्रंका. त्यात माधुरी पुरंदरे आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची पातळ पुस्तकं आहेत, 'किशोर'चे जुने अंक आहेत, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरून छापलेली पानं आहेत. स्टोरीवीव्हर २०१५ पासून चालू आहे आणि त्यावरच्या गोष्टी कुणीही कुठल्याही भाषेत नेऊ शकतो, परवाना तसाच खुला आहे. तांत्रिकदृष्ट्या कैकाडी पुस्तक काढायला एक संध्याकाळ पुरते. युनिकोडमध्ये द्राविडी भाषांच्या ऱ्हस्व ए-ओसाठी देवनागरी अक्षरंसुद्धा आहेत, ऎ आणि ऒ. मी मोठ्या हौसेने ती दाखवली. चौथीतल्या कैकाडी मुलीने ती पाहिली आणि म्हणाली, "दादा, हे बाईंनी शिकवलं नाही." विषय संपला. पुस्तक शाळेतल्या अक्षरांतच झालं.

गोष्ट कुठली घ्यायची, यावर आम्ही इसापवर आलो. तंजावरमुळे माझाच हट्ट होता. मिठाचं गाढव: पाठीवर मिठाची गोणी, गाढव ओढ्यात पडतं, मीठ विरघळतं, ओझं हलकं होतं. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम पडतं. मग मालक कापूस लादतो, तो भिजून जड होतो आणि गाढवाची खोड मोडते. मुलीने घरी जाऊन आजीला मराठीत सांगायची, आजीने त्यांच्या भाषेत सांगायची, मुलीने मोबाइलवर रेकॉर्ड करायची, असं ठरलं.

रेकॉर्डिंग आलं ते सात मिनिटांचं. गोष्ट दीड मिनिटाची. बाकी आजीचं भांडण. मुलीने आम्हाला मराठीत सांगितलं त्याचा सारांश असा: ज्याने ही गोष्ट रचली त्याच्याकडे गाढव नव्हतं. गाढव मुद्दाम पाण्यात बसलं तर ओझं जास्त आहे असं समजायचं. खोड मोडायची ती लादणाऱ्याची. आणि ओल्या कापसाखाली गाढवाची पाठ फुटते, त्याला चार दिवस बांधून ठेवावं लागतं, मग बिऱ्हाड कोण नेणार? तिच्या गोष्टीत मालक तिसऱ्या दिवशी अर्धीच गोणी लादतो आणि ओढा आला की स्वतः गोणी डोक्यावर घेतो.

इसापच्या नावाने अडीच हजार वर्षं फिरणाऱ्या गोष्टींत ही दुरुस्ती याआधी कुणी सुचवली असेल तर मला वाचायला आवडेल. विशेषतः इसाप स्वतः गुलाम होता असं सांगतात म्हणून.

आम्ही आजीचाच शेवट ठेवला. बारा पानं, वर कैकाडी, खाली मराठी, चित्रं मुलांची. बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे तीस प्रती काढल्या. खरं तर कोटेड कागदावर काढायच्या होत्या, पण गावात तो सुटा मिळत नाही. गिरणीतून तो ट्रकने बाहेरच जातो. साध्या कागदावर काढल्या.

वाचताना वर्गातली मराठी मुलं आधी वरची ओळ वाचायला लागली, कारण ती चुकत होती आणि चुकलं की ती मुलगी हसत होती. गुरुजींनी एक प्रत शाळेच्या ग्रंथालय नोंदवहीत चढवली. तिथे भाषेचा रकाना आहे. त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग वहीच मुलीकडे सरकवली. तिने 'कैकाडी' लिहिलं, वेलांटी आधी ऱ्हस्व काढली, खोडून दीर्घ केली.

तोडीच्या टोळीतला एक लमाण मुलगा आता त्याची गोष्ट कधी, असं विचारतोय. त्याचा मुक्काम पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्चअखेर. त्याला इसाप नको आहे; त्याच्याकडे स्वतःची आहे, विहिरीतल्या चंद्राची. रेकॉर्डिंगसाठी त्याच्या मावशीची परवानगी मिळाली आहे, फक्त ती रविवारीच कोपीवर असते.